लोकसंख्येचे बदलते प्रवाह आणि आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसंख्येची चर्चा बहुतेक वेळा 'किती' या एका शब्दावर सुरू होते आणि तिथेच संपते. पण त्या एकूण आकड्यात किती बाळांनी पहिला वाढदिवस पाहिला, किती बाळंतिणी सुखरूप राहिल्या आणि किती माणसांचे म्हातारपण स्वतःच्या पायांवर गेले, याचा सगळा हिशेब दडलेला असतो. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. जिथे गैरसमज फार पसरलेले आहेत, तिथे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

जगाची लोकसंख्या सध्या किती आहे आणि ती अजून वाढतेच आहे का?

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली आणि २०२४ मध्ये ती सुमारे ८२० कोटी होती. पहिल्या १०० कोटींसाठी मानवजातीला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वाट पाहावी लागली. त्यानंतर मात्र १९२७ च्या सुमारास २०० कोटी, १९६० मध्ये ३०० कोटी आणि १९८७ मध्ये ५०० कोटी असे टप्पे झपाट्याने ओलांडले गेले. ११ जुलै हा जागतिक लोकसंख्या दिन याच ५०० कोटींच्या टप्प्याची आठवण म्हणून पाळला जातो. संख्या आजही वाढते आहे, परंतु वाढीचा वेग १९६० च्या दशकात वर्षाला २ टक्क्यांच्या वर होता, तो आता १ टक्क्याच्या खाली आला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रक्षेपणानुसार २०८० च्या दशकाच्या मध्यावर लोकसंख्या सुमारे १,०३० कोटींवर पोहोचेल आणि त्यानंतर हळूहळू उतरू लागेल. असे प्रक्षेपण काही गृहीतके धरून केलेले गणित असते. गृहीतके बदलली की उत्तरही बदलते.

गेल्या शंभर वर्षांत लोकसंख्या इतकी वाढली ती लोक जास्त मुले जन्माला घालू लागले म्हणून का?

नाही. हा गैरसमज फार जुना आहे आणि त्याने गरीब कुटुंबांवर, विशेषतः स्त्रियांवर, मोठा अन्याय केला आहे. पूर्वीही एका स्त्रीला सहा-सात मुले होत असत, पण त्यांतली दोन-तीन लहानपणीच दगावत. लोकसंख्या वाढली ती जन्म वाढल्यामुळे नव्हे, तर मृत्यू कमी झाल्यामुळे. शुद्ध पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, लसी, प्रतिजैविके, डासांचे नियंत्रण आणि नियमित मिळणारे अन्न यांनी मृत्युदर आधी खाली आणला. जन्मदर खाली यायला मात्र एक-दोन पिढ्या लागल्या, आणि या मधल्या काळात जी तफावत राहिली तीच लोकसंख्येची वाढ. अभ्यासक या प्रक्रियेला लोकसंख्या संक्रमण म्हणतात.

यातले काही उपाय किती साधे होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीठ आणि ग्लुकोज विरघळवलेले पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि ते पाजायला सांगितले. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आज जलसंजीवनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या द्रावणाने पुढे जगभर कोट्यवधी मुले वाचवली. लसीकरणाचे मोलही तेवढेच मोठे आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, मागील ५० वर्षांत लसींनी १५ कोटींहून अधिक जीव वाचवले.

पण मुले जगू लागली की लोकसंख्या आणखीच वाढणार, हे उघड नाही का?

पहिल्या काही वर्षांपुरते ते खरे आहे, पुढे मात्र नेमके उलटे घडते. बालमृत्यू ज्या समाजात जास्त असतात तिथे आईवडील दोन मुले हवी असली तरी चार-पाच होऊ देतात, कारण त्यांतली किती हाताशी लागतील याची खात्री नसते. शिवाय तान्हे बाळ दगावले की अंगावर पाजणे थांबते, त्यामुळे पाळी लवकर सुरू होते आणि पुढचे गर्भारपण अलीकडे येते. मूल जगेल असा विश्वास वाटू लागला की घरोघरी विचार बदलतो: मुलांची संख्या कमी होते आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला अधिक अन्न, अधिक शाळा आणि अधिक वेळ येतो.

आकडे हेच दाखवतात. १९९० मध्ये जगात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे ९३ पाच वर्षांच्या आत मरण पावत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ३७ वर आले आणि अशा मृत्यूंची संख्या प्रथमच वर्षाला ५० लाखांच्या खाली गेली. याच काळात जन्मदरही उतरत राहिला. १९५० च्या सुमारास जगात एका स्त्रीमागे सरासरी पाच मुले होती, ती आता सव्वादोनच्या आसपास आहेत. बांगलादेशात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्त्रीला सहाहून अधिक मुले होत, आज हा आकडा दोनच्या जवळ आहे, आणि हा बदल देश श्रीमंत होण्याची वाट न पाहता घडला. इराणने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २००० पर्यंतच्या अवघ्या दीड दशकात साधारण तेवढीच घट पाहिली. तिथे गावोगावची आरोग्यघरे आणि मुलींचे शिक्षण यांनी मोठे काम केले. बालकांचे आरोग्य आणि लोकसंख्या यांत एकाची निवड करावी लागते, असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास अवश्य पाहावा.

एकूण जननदर म्हणजे काय, आणि सगळीकडे २.१ हाच आकडा का सांगितला जातो?

एखाद्या वर्षी वेगवेगळ्या वयाच्या स्त्रियांना ज्या प्रमाणात मुले झाली, त्याच प्रमाणात एका स्त्रीला आयुष्यभर मुले झाली तर त्यांची सरासरी संख्या किती भरेल, हे एकूण जननदर सांगतो. एका जोडप्याची जागा दोन मुलांनी घ्यावी इतके साधे गणित असते तर आकडा २ पुरला असता. पण निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात आणि काही मुली प्रजननाचे वय पार करण्याआधीच मरण पावतात, म्हणून वरचा दशांश धरावा लागतो. जिथे मुलींचे मृत्यू अधिक, तिथे ही पातळी २.१ च्याही वर जाते. म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी किती जन्म लागतील, हेसुद्धा शेवटी आरोग्यावर ठरते.

जननदर २.१ च्या खाली गेला तरी लोकसंख्या वाढत का राहते?

कारण आदल्या पिढ्यांत जन्मलेली मुले आता तरुण झालेली असतात. प्रत्येक स्त्रीला कमी मुले झाली, तरी आई होण्याच्या वयातल्या स्त्रियाच संख्येने इतक्या जास्त असतात की एकूण जन्म मृत्यूंपेक्षा बराच काळ अधिक राहतात. चीनचा जननदर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या पातळीखाली गेला, पण तिथली लोकसंख्या प्रत्यक्षात घटली ती २०२२ मध्ये, म्हणजे सुमारे तीन दशकांनी. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जननदर २.० आढळला, तरी लोकसंख्येचे शिखर २०६० च्या दशकात येईल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. उताराला लागलेली गाडी ब्रेक लावल्यावरही काही अंतर पुढे जाते, तसे हे आहे. त्यामुळे आजची वाढ पाहून आजच्या जोडप्यांना दोष देणे चुकीचे ठरते.

सरासरी आयुर्मान ७३ वर्षे असेल तर माणसे साधारण ७३ व्या वर्षी मरतात, असे समजावे का?

असे समजू नये. जन्माच्या वेळचे आयुर्मान हा वयोगटनिहाय मृत्युदरांवरून काढलेला एक आकडा आहे, आणि बालमृत्यू त्याला फार जोराने खाली खेचतात. दहा बालकांपैकी तीन पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास दगावली आणि उरलेली सात साठीपर्यंत जगली, तर त्यांची सरासरी बेचाळीसच्या आसपास येईल. प्रत्यक्षात बेचाळिसाव्या वर्षी त्यांतले कोणीही मेलेले नसेल. 'पूर्वी माणसे चाळिशीतच म्हातारी होऊन मरत' ही समजूत अशा सरासऱ्या चुकीच्या वाचल्यामुळे रुजली आहे.

जगाचे सरासरी आयुर्मान १९५० मध्ये सुमारे ४६ वर्षे होते, ते २०२४ मध्ये ७३ वर्षांच्या थोडे वर होते. आरंभीच्या दशकांतील वाढीचा मोठा वाटा बालके वाचल्यामुळे आला. आज ज्या देशांत बालमृत्यू अगदी थोडे उरले आहेत, तिथे पुढची वाढ हृदयविकार, पक्षाघात आणि कर्करोग यांवरील उपचारांतून आणि तंबाखू सुटल्यामुळे येते, आणि साहजिकच ती संथ असते.

आरोग्यसेवा उत्तम असलेल्या देशाचा मृत्युदर गरीब देशापेक्षा जास्त कसा असू शकतो?

हा प्रश्न विचारणाऱ्याने आकडे नीट पाहिले आहेत, असे म्हणावे लागेल. जपानमध्ये दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला १२ ते १३ मृत्यू होतात आणि केनियात त्याहून बरेच कमी, तरीही जपानी माणसाचे आयुर्मान सुमारे २० वर्षांनी अधिक आहे. याचे कारण वयरचनेत आहे. जपानमध्ये ६५ वर्षांवरील लोक सुमारे २९ टक्के आहेत, तर केनियाची लोकसंख्या अतिशय तरुण आहे, आणि तरुण माणसे कोणत्याही देशात कमीच मरतात. म्हणून दोन प्रदेशांची किंवा एकाच प्रदेशातील दोन काळांची तुलना करताना आधी वयाचा परिणाम वेगळा काढावा लागतो. त्यासाठी दोन्हीकडे वयोगटांची विभागणी सारखीच आहे असे धरून दर पुन्हा मोजतात, आणि त्याला वयप्रमाणित दर म्हणतात. कर्करोगाचे रुग्ण वाढले, हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले अशा बातम्या वाचताना ही एक गोष्ट तपासली तरी निम्मा गोंधळ दूर होतो.

पाळणा लांबवण्याचा आई आणि बाळाच्या आरोग्याशी नेमका काय संबंध आहे?

संबंध थेट आहे. बाळंतपणानंतर शरीरातील लोह आणि इतर पोषक घटकांचा साठा भरून यायला वेळ लागतो. तो भरण्याआधीच पुन्हा गर्भधारणा झाली तर रक्तक्षय, मुदतपूर्व प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो. म्हणून एका जिवंत जन्मानंतर पुढची गर्भधारणा होण्याआधी किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेकडे झालेल्या तज्ज्ञांच्या विचारविनिमयातून पुढे आली. वयाचेही तसेच आहे: ज्या मुलीचे स्वतःचे शरीर अजून वाढते आहे, तिच्यासाठी बाळंतपण अधिक धोक्याचे असते. १५ ते १९ वयोगटातील दर हजार मुलींमागे जन्मांचे प्रमाण जगभरात २००० मध्ये सुमारे ६५ होते, ते २०२३ पर्यंत ४१ च्या आसपास आले. यात मुली शाळेत अधिक वर्षे टिकल्या याचा मोठा वाटा आहे.

बांगलादेशातील मतलब या भागात १९७७ पासून निम्म्या गावांत कार्यकर्त्या घरोघरी जाऊन गर्भनिरोधनाची साधने आणि माता-बालकांसाठीच्या सेवा देऊ लागल्या, तर शेजारच्या गावांत नेहमीचीच शासकीय व्यवस्था चालू राहिली. पहिल्या गटातील गावांत जन्म तर कमी झालेच, शिवाय पुढील काळात मुले अधिक जगली आणि स्त्रियांची प्रकृतीही सुधारलेली दिसली. कुटुंबनियोजन ही प्रथमतः आरोग्यसेवा आहे, लोकसंख्येवरचा परिणाम त्यामागून येतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी उदाहरणे फार थोडी आहेत.

मातामृत्यूंविषयी एक वस्तुस्थिती सांगितलीच पाहिजे. २००० ते २०२३ या काळात जगातील मातामृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, तरीही २०२३ मध्ये सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गर्भारपण किंवा बाळंतपणाशी संबंधित कारणांनी मरण पावल्या. अतिरक्तस्राव, रक्तदाबाचे विकार, जंतुसंसर्ग आणि असुरक्षित गर्भपात ही मुख्य कारणे अनेक दशके ठाऊक आहेत आणि त्यांवरचे उपायही ठाऊक आहेत. माहीत असलेल्या उपायांअभावी आजही दिवसाला सुमारे ७०० स्त्रियांनी प्राण गमवावेत, याची सवय कोणालाही होऊ नये.

सरकारने सक्ती केली तर लोकसंख्या लवकर आटोक्यात येणार नाही का?

सक्ती दोन्ही दिशांनी करून पाहण्यात आली आहे आणि दोन्ही वेळा तिची किंमत लोकांच्या शरीरांनी मोजली.

रुमानियात निकोलाय चाउशेस्कू यांच्या राजवटीने १९६६ मध्ये जन्म वाढवण्यासाठी गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. पुढच्या वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले, पण काही वर्षांतच लोकांनी चोरवाटा शोधल्या आणि जन्मदर पुन्हा उतरला. उरले ते असुरक्षित गर्भपात. १९८९ पर्यंत तिथे दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण दीडशेच्या पुढे गेले होते, जे युरोपात सर्वाधिक होते. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये राजवट कोसळून बंदी उठली आणि एका वर्षात हे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

उलट दिशेचे उदाहरण चीनचे आहे. १९८० च्या सुमारास तिथे एक मूल धोरण लागू झाले आणि ते २०१५ पर्यंत चालले. तिथला जननदर त्याआधीच्या दशकातच, उशिरा लग्न आणि मुलांमधील अंतर यांवर भर देणाऱ्या मोहिमेच्या काळात, निम्म्याहून अधिक घसरला होता. म्हणजे घसरणीचा मोठा भाग या धोरणापूर्वीचा आहे. धोरणाच्या काळात मात्र मुलग्यांच्या हव्यासातून जन्माच्या वेळचे लिंगगुणोत्तर बिघडत जाऊन दर १०० मुलींमागे १२० मुलगे इतके विषम झाले. भारतात आणीबाणीत, १९७६ च्या सुमारास, नसबंदीची जी सक्ती झाली तिने कुटुंबनियोजन या कल्पनेवरचाच विश्वास उडवला आणि पुढे पुरुष नसबंदीचे प्रमाण कधीही सावरले नाही. १९९४ मध्ये कैरो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत १७९ देशांनी जो कृती आराखडा स्वीकारला, त्यात लोकसंख्येची उद्दिष्टे लादण्याऐवजी व्यक्तीचे आरोग्य, शिक्षण आणि निर्णयाचा अधिकार यांना अग्रस्थान मिळाले. त्यामागे हा सगळा अनुभव होता.

जन्माच्या वेळचे लिंगगुणोत्तर बिघडले तर ते पुन्हा सुधारते का?

सुधारते. दक्षिण कोरियात १९९० मध्ये दर १०० मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्मत होते, आणि २००७ च्या सुमारास हे प्रमाण नैसर्गिक पातळीजवळ परतले. लिंगनिदानावरील कायद्याइतकाच स्त्रियांचे शिक्षण, नोकऱ्या आणि वारसाहक्कातील बदल यांचा त्यात वाटा होता.

तरुणांची संख्या जास्त असणे म्हणजे आपोआप फायदा, असे म्हणता येईल का?

जन्मदर उतरू लागला की काही दशके कमावत्या वयाच्या लोकांचे प्रमाण वाढते आणि अवलंबून असलेल्या मुलांचे व वृद्धांचे प्रमाण कमी राहते. या काळाला लोकसंख्या लाभांश म्हणतात. पूर्व आशियातील देशांनी १९६० नंतरच्या दशकांत या काळाचा उपयोग करून घेतला, कारण त्या आधी त्यांनी प्राथमिक शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्यावर भक्कम खर्च केला होता. या शब्दातला 'लाभ' मात्र फसवा आहे. जगात आजही पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी बालकांची उंची दीर्घकालीन कुपोषणामुळे खुंटलेली आहे आणि १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या मुलाची वाढ पहिल्या दोन वर्षांत खुंटली त्याची भरपाई विसाव्या वर्षी कोणत्याही कौशल्यवर्गातून पूर्णपणे होत नाही. लाभांश मिळायचा असेल तर त्याची पेरणी गर्भारपणातच करावी लागते, आणि शिकून बाहेर पडलेल्या तरुणाला काम मिळाले नाही तर तीच संख्या नैराश्य, व्यसन आणि अशांततेचे कारण बनू शकते.

वृद्धांची संख्या वाढणे हे समाजावरचे ओझे नाही का?

'ओझे' हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक टाळतो. माणसे म्हातारी होईपर्यंत जगावीत यासाठीच तर सारी आरोग्यव्यवस्था उभी केली. २०५० पर्यंत जगात साठीपुढचे लोक सुमारे २१० कोटी असतील असा अंदाज आहे, आणि हा बदल पूर्वीपेक्षा फार वेगाने होतो आहे. ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ७ वरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षे लागली, तर जपानला अवघी २४. आज जे देश वृद्धत्वाकडे वळत आहेत त्यांपैकी अनेकांना निवृत्तिवेतन, दीर्घकालीन शुश्रूषा आणि वृद्धांसाठीच्या आरोग्यसेवा उभारायला एवढाही वेळ मिळणार नाही. खरी काळजी करायला हवी ती याची.

यातला कळीचा प्रश्न असा की वाढलेली वर्षे कशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगाचे सरासरी आयुर्मान सुमारे ७३ वर्षे होते, पण निरोगी आयुर्मान त्याहून नऊ-दहा वर्षांनी कमी होते. म्हणजे आयुष्याची बरीच वर्षे दृष्टी, श्रवण, सांधे, स्मृती यांपैकी काहीतरी हरवून जातात. यातले पुष्कळसे टाळता येते किंवा लांबवता येते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, रक्तदाबाची नियमित औषधे, श्रवणयंत्र, पडण्यापासून बचाव होईल अशी घरे आणि रस्ते, हे खर्चिक चमत्कार नाहीत. शुश्रूषेचा भार आजही मुख्यतः घरातल्या स्त्रिया, बहुधा सुना, मुली आणि स्वतः वृद्ध असलेल्या पत्नी, विनामोबदला उचलतात आणि त्यात त्यांची स्वतःची प्रकृती झिजते. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीची विमा योजना सुरू केली, ती हा भार कुटुंबाबाहेर वाटून घेण्यासाठीच.

जननदर फार खाली गेला तर तो पुन्हा वर आणता येतो का?

दक्षिण कोरियात २०२३ मध्ये एकूण जननदर ०.७२ इतका कमी नोंदला गेला. तिथे आणि इतरत्रही तरुण जोडपी साधारण सारखीच कारणे सांगतात: कामाचे लांबलचक तास, न परवडणारी घरे, मुलांच्या शिक्षणातील जीवघेणी स्पर्धा आणि घरकामाचा स्त्रियांवर पडणारा एकतर्फी भार. पालकत्वाची पगारी रजा, परवडणारी पाळणाघरे आणि वडिलांचा सहभाग यांनी कुटुंबांचे जगणे निश्चितच सुसह्य होते, पण त्यामुळे जननदर मोठ्या प्रमाणात आणि कायमचा वाढतो असा पुरावा कमी आहे. अशा सोयी भरपूर असलेल्या फिनलंडमध्येही तो २०१० मधील १.८७ वरून २०२३ मध्ये सुमारे १.२६ वर उतरला. आमच्या मते अशा योजनांचे मूल्यमापन त्यांनी किती बाळे वाढवली यावर करू नये. आईबापांचे आणि मुलांचे स्वास्थ्य किती सुधारले, ही त्यांची खरी कसोटी आहे.

एकदा वाढलेले आयुर्मान पुन्हा घसरू शकते का?

घसरू शकते, आणि अलीकडच्या काळात ते अनेकदा घसरले आहे. सोव्हिएत संघ विघटित झाल्यानंतर रशियातील पुरुषांचे आयुर्मान १९९४ मध्ये ५८ वर्षांच्याही खाली गेले. बेकारी, असुरक्षितता आणि दारू यांचा त्यात मोठा हात होता. आफ्रिकेच्या दक्षिण भागात एचआयव्हीने कमावत्या वयाची पिढीच हिरावून नेली आणि विषाणूविरोधी औषधे सर्वदूर पोहोचल्यावरच तिथले आयुर्मान सावरले. अमेरिकेत २०१४ नंतर सलग तीन वर्षे आयुर्मान उतरले, त्यात वेदनाशामक अफूजन्य औषधांच्या अतिसेवनाने झालेले मृत्यू ठळक होते. कोविडच्या साथीत २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत अपेक्षेपेक्षा सुमारे दीड कोटी अधिक मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

शहरीकरण आणि स्थलांतर आरोग्याला हितकारक की घातक?

दोन्ही. एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक शहरे इतकी रोगट होती की खेड्यातील गरीबसुद्धा शहरी मजुरांपेक्षा अधिक जगत. नळाचे पाणी आणि गटारे आल्यावरच हे चित्र पालटले. आज शहरात रुग्णालय जवळ असते, पण दूषित हवा, दाटीवाटी, क्षयरोगाचा प्रसार आणि बैठे काम हेही तिथेच असते. शिवाय शहराच्या सरासरीत झोपडवस्तीतील माणसांची परिस्थिती दिसेनाशी होते. स्थलांतर करणारे लोक निघताना बहुधा सरासरीपेक्षा धडधाकट असतात, कारण आजारी माणूस सहसा गाव सोडत नाही. पण धोक्याची कामे, अपुरी घरे आणि आरोग्यसेवेबाहेर राहिल्यामुळे ही आघाडी काही वर्षांत विरते. मागे राहिलेल्या आईवडिलांना पैसे मिळतात, सोबत मिळत नाही. २०२४ मध्ये आपल्या जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे ३० कोटी होते, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ४ टक्क्यांहूनही कमी. देशांतर्गत स्थलांतर याहून कितीतरी मोठे आहे.

पर्यावरणाच्या हानीला वाढती लोकसंख्याच जबाबदार आहे का?

संख्येचा परिणाम होतो, पण उपभोगाचा त्याहून अधिक होतो. जगातील सर्वांत श्रीमंत १० टक्के लोक कार्बन उत्सर्जनापैकी जवळपास निम्म्याला कारणीभूत आहेत, तर ज्या देशांत लोकसंख्या सर्वाधिक वेगाने वाढते आहे त्यांचे दरडोई उत्सर्जन अत्यल्प आहे. उष्णतेच्या लाटा, पूर आणि दुष्काळ यांचा आरोग्यावरचा आघात मात्र त्यांनाच आधी सोसावा लागतो.

हे सगळे आकडे येतात कुठून आणि ते कितपत विश्वासार्ह असतात?

मुख्य मार्ग तीन आहेत: जनगणना, जन्म-मृत्यूची नागरी नोंदणी आणि नमुना सर्वेक्षणे. स्वीडनने १७४९ पासून देशव्यापी नोंदी ठेवल्या, म्हणून तिथला अडीचशेहून अधिक वर्षांचा इतिहास वर्षागणिक वाचता येतो. अनेक देशांत मात्र नोंदणी अपुरी असल्यामुळे सर्वेक्षकांना स्त्रियांना त्यांच्या सर्व बाळंतपणांचा वृत्तान्त विचारून बालमृत्यूंचे आणि बहिणींविषयी विचारून मातामृत्यूंचे प्रमाण काढावे लागते. असे अंदाज दिशा बरोबर दाखवतात, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेचा पट्टा असतो आणि नवी माहिती आली की मागची वर्षेही सुधारली जातात. त्यामुळे एकाच वर्षाचा आकडा दोन अहवालांत वेगळा दिसला तर त्यात लपवाछपवी असेलच असे नाही.

नोंदणी नसण्याचे परिणाम केवळ तक्त्यांपुरते राहत नाहीत. युनिसेफच्या २०२४ मधील अंदाजानुसार जगात पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी बालकांच्या जन्माची नोंदच झालेली नाही. अशा बालकाची लस चुकली तर ती चुकली हे कोणाच्या यादीत दिसत नाही. वयाचा दाखला नसल्यामुळे त्या मुलीचे कोवळ्या वयात होणारे लग्न कायद्याने रोखणे अवघड जाते, आणि पहिल्याच आठवड्यात ते बाळ दगावले तर त्याचा जन्म आणि मृत्यू दोन्ही कोणत्याही दप्तरात उमटत नाहीत.